तक्ता क्रमांक ४.१२

रविनगर चौकाच्या आत, झेरॉक्सच्या दुकानामागे
माझं एक टेबल, एक कूलर.
वाळ्याला पाणी मीच घालते.
दर भिंतीवर लावलेत:
निबंध पानाला पंधरा,
लघुप्रबंध अठरा,
पीएच.डी. बावीस,
तक्त्याचे वेगळे, आलेखाचं बोलून ठरवू.
लिखाणाचे एवढेच प्रकार मला ठाऊक.

बाकी टाइप करता करता कळलं.
सारांश सगळ्यात शेवटी लिहितात
आणि सगळ्यात आधी लावतात.
दुसऱ्या प्रकरणात लोक काय म्हणाले ते,
तिसऱ्यात, आपण कसं विचारलं ते,
चौथ्यात मोजदाद,
पाचव्यात
जे पहिल्यापासून माहीत होतं ते.
गृहीतक खोटं निघालं, असं वाक्य
इतक्या वर्षांत एकदाच टाइप केलं.
तो पोरगा परत आला नाही.
दुसरीकडून बदलून घेतलं असेल.

मे महिना. जमा करायची तारीख तीस.
प्रणोती ढोबळेच्या हस्तलिखिताचा गठ्ठा:
विणकर कुटुंबांतील स्त्रिया, माग बंद पडल्यानंतर.
मी परिशिष्टं आधी घेते, डोकं लागत नाही.

उत्तरदाती क्रमांक सत्तेचाळीस.
वस्ती तांडापेठ. वय एकसष्ट.
माग एक, खड्ड्याचा. शिक्षण निरंक.
कुटुंबात मुलगी एक,
व्यवसाय टंकलेखन.

कूलरचा आवाज तेवढा येत राहिला.

मायनं सांगितलंही नव्हतं, कोणी आलं होतं म्हणून.
रात्री विचारलं, काय सांगितलं वं तिले?
"काय सांगू? तिनं पुसलं, माग गेल्यावर काय केलं.
म्या म्हटलं, खड्डा नाही बुजवला.
अजून तिथंच पाय सोडून बसतो,
तांदूळ निवडतो, दुपारी डोळा लागते.
पायाले थंड लागते बाप्पा.
लिहून घेतलं तिनं सारं."

सारं कुठे बसतं?
मजुरी अठ्ठावन्न, घरकाम बेचाळीस,
स्थलांतर एकोणीस,
इतर एक.
एकूण एकशेवीस.
इतर, शून्य पूर्णांक त्र्याऐंशी शतांश टक्के,
ही माझी माय.

ज्यांची पुस्तकं वाचली
त्यांना कंसात आडनाव, साल, पान.
ज्यांच्या घरी चहा घेतला त्यांना क्रमांक.
नियमच आहे तसा,
नावं गोपनीय ठेवली आहेत
हे तिसऱ्या प्रकरणात मीच टाइप केलंय.

तळटीप घालायला दोन कळा पुरतात.
घातली.
वाचली.
खोडली.
पोरीचा प्रबंध आहे, माझा नाही.

एकोणतीसला प्रणोती आली, डोळे सुजलेले.
ऋणनिर्देश राहिला होता.
तो सगळे असाच सांगतात, उभ्या उभ्या, घड्याळ बघत:
मार्गदर्शक, आईवडील, सासरे, ग्रंथपाल,
धाकटा भाऊ, ज्यानं गाडीवर फिरवलं.
"आणि टंकलेखन... ताई, तुमचं पूर्ण नाव काय?"
सहा महिने मी ताईच होते.

म्हटलं, यमुना पराते.

तिला काही आठवलं नाही.
"छान नाव आहे," म्हणाली,
आणि दोन वेळा पाणी प्यायली.

पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
प्रकरणांच्या पानांत नाही,
आधीच्या रोमन आकड्यांत, पाचव्या पानावर,
खालून दुसऱ्या ओळीत.
शुद्धलेखन मी तीनदा तपासलं.

त्या संध्याकाळी माय खड्ड्यात पाय सोडून
लसूण सोलत होती.
"झालं का वं तिचं पुस्तक?"
झालं.
"मंग आता काय करते त्याचं?"
कपाटात ठेवते, विद्यापीठाच्या.
"बरं," म्हणाली,
आणि खाली पावड्या नाहीत तरी
एकदा डावा, एकदा उजवा
पाय दाबला तिनं.